पुरवणी कार्ड

९ जानेवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून कागद. शिवाय बँकेला शाईतली सही हवी आहे, तेव्हा पाकीट पाठवावंच लागणार होतं. ख्यालीखुशाली विचारत नाही. विचारली तर उत्तर येणार नाही, आणि आलंच तर 'ठीक' एवढंच येईल.

काम असं आहे. सोबत फॉर्म आहे. दुसऱ्या पानावर दोन चौकोन आहेत. त्यातल्या पहिल्यात खूण कर आणि खाली उजवीकडे सही कर. दुसऱ्या चौकोनाला हात लावू नकोस.

आता कशासाठी ते सांगते, कारण न वाचता सही करायची तुझी सवय मला माहीत आहे आणि या वेळी तू वाचावंस असं वाटतं.

आपल्याच बँकेची इथे शाखा आहे. तीच पाटी, तोच रंग, तशाच टोचणाऱ्या खुर्च्या. मला वाटलं, कार्ड दाखवायचं, नवा पत्ता द्यायचा, झालं काम. बँकेतल्या बाईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"हे पुरवणी कार्ड आहे."

"म्हणजे?"

"मूळ खातेदार दुसरे आहेत. तुमचे कोण ते?"

"भाऊ. पण नाव माझं आहे की. हे बघा, उठावाची अक्षरं आहेत."

"नाव कार्डावर आहे हो. खात्यावर नाही."

तिने मग मला शाळेतल्यासारखं समजावलं. कार्ड एका देशातून दुसऱ्या देशात जात नाही. तिकडचं बंद होतं आणि त्याच्या जोरावर इकडे नवं मिळतं. पण तो जोर मूळ खातेदाराचा. सतरा वर्षं मी ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. प्लास्टर, मेण, दातांचे संच, ब्रश, सगळं त्याच्यावर घेतलं. दर महिन्याला तुझा पासवर्ड टाकून बिल मीच भरलं, एकदाही तारीख चुकवली नाही. बँकेच्या लेखी ते सगळं तू केलंस. मी तिथेही नव्हते आणि इथेही नाही.

एक वाट आहे म्हणाली. मूळ खातेदाराने लिहून दिलं की या कार्डाचा व्यवहार हीच बघत होती, तर ती सतरा वर्षं माझ्या खात्यावर चढतात. पहिला चौकोन तो. "असं लिहून देणारे भाऊ कमीच," असं म्हणून ती हसली. मीही हसले. घरची अब्रू.

घाई अशासाठी की मी ज्या दातांच्या लॅबमध्ये आहे तिथे एक टेबल रिकामं होतंय. स्वतःचं टेबल, स्वतःची गिऱ्हाइकं, मालकाला फक्त भाडं. पण टेबल घेणाऱ्याने पोर्सिलीनची भट्टी स्वतः आणायची असते. भट्टी हप्त्यावर मिळते, आणि हप्तेवाले पहिल्यांदा कार्डाचा इतिहास बघतात. मुदत ३१ मार्च. नाहीतर टेबल दुसऱ्याला जाईल आणि मी आहे तिथेच, दुसऱ्याच्या कामाचं पॉलिश करत राहीन.

एक सही. तू दिवसाला चाळीस करतोस.

– मागची

(तुझ्या दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून कवळ्या करायचे म्हणून, सगळे मला हेच म्हणायचे ना? "मागचीला सांगा." "मागचीकडे पाठवा." पेशंट बिचारे 'मागच्या ताई' तरी म्हणायचे.)


४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर रिसेप्शनवरच्या मुलीने टाइप करून पाठवलं. दोन ओळी. "आईची कवळी बेसिनमध्ये पडून तुटली. तिचा साचा कुठे ठेवलास ते कळव, फॉर्मचं नंतर बघू." खाली दवाखान्याचा शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का!

बाकीची हकीकत मला त्या मुलीने फोनवर सांगितली. तिला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. तू आईला खुर्चीत बसवलंस, मापाचा ट्रे भरून आणलास, आणि आईने तोंड गच्च मिटून घेतलं.

"आई, आ कर."

मान हलवली, नाही.

"अगं, डॉक्टर आहे मी."

तेव्हा आई म्हणे एवढंच बोलली, "ज्याने जन्मात एक कवळी केली नाही त्याच्यापुढे मी तोंड उघडत नसते. तिला बोलाव." आणि पुन्हा तोंड बंद. बाहेर बसलेले पेशंट ऐकत होते. तुझं काय झालं असेल ते मी इथे बसून बघू शकते. कानाच्या पाळ्या लाल.

मी तिला फोन केला होता. वहिनी शेजारी बसून होती, म्हणून आई हवापाण्याचंच बोलली. पण जुनी सैल कवळी लावलीये तिने, दर शब्दाला टक टक वाजते. टाइपरायटरशी बोलल्यासारखं वाटलं. भात-वरणावर आहे म्हणाली. हसून म्हणाली, पण म्हणाली.

साच्याचं म्हणशील तर शेल्फवर असेल, नीट बघ. तू नावाच्या अक्षरावरून शोधत असशील, म्हणून सापडत नाही. माझं शेल्फ तसं लावलेलं नाही. नावं तुझ्या रजिस्टरमध्ये. मागच्या खोलीत माणसं चावण्यावरून ओळखली जातात. वरचा कप्पा एका बाजूने चावणाऱ्यांचा. मधला झोपेत दात खाणाऱ्यांचा, त्यात तुझे ते मोठे वकील आहेत आणि पोस्टातल्या बाई. खालचा घाईने गिळणाऱ्यांचा. प्रत्येक साच्याच्या तळाला पेन्सिलने टोपणनाव आहे: 'गालफुगी', 'हळूहळू गुरुजी', 'पाच मिनिटांत जेवण'. तुला हे वेड वाटेल. पण कवळी बसते ती यामुळेच. माणूस आपल्या नावाने चावत नाही.

सतरा वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस की हे शेल्फ असं का लावलंय. तुला साचा हवा असायचा तेव्हा दारातून हात पुढे करायचास, आणि मी तो हातात ठेवायचे.

आता ते बोलूनच टाकते. दवाखान्याचं ते रंगीत माहितीपत्रक निघालं, त्यात सात फोटो होते. सातही कवळ्या माझ्या. मी काय मागितलं होतं? शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ. तू म्हणालास, "हॉटेलात जेवून आल्यावर भांडी कोणी घासली ते विचारतो का आपण?" वहिनी हसली. आई हसली नाही. मला उत्तर सुचलं ते विमानात. दादा, मी भांडी घासत नव्हते. मी स्वयंपाक करत होते, तू वाढत होतास. वाढणं हेही काम आहे, नाही म्हणत नाही. गोड बोलून वाढतोस, लोक खूश होतात. पण वाढप्याने आचाऱ्याला मोरीत बसवू नये.

फॉर्मचं 'नंतर' म्हणजे ३१ मार्चच्या आधी. पहिला चौकोन.

– मागची


२६ फेब्रुवारी

दादा,

फॉर्म मिळाला. सही आहे. आणि या वेळी चिठ्ठी तुझ्या हातची आहे.

"दुसऱ्या चौकोनात खूण केली आहे. खातं माझ्याच नावावर तिकडे उघडू दे, तू पुरवणीवर वापर. बिल मी बघेन. परक्या मुलखात एकटी आहेस, नसत्या भानगडीत पडू नकोस. हवं ते घे. – दादा."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे भरून आले. तुझं अक्षर किती दिवसांनी पाहिलं. 'हवं ते घे' वाचून तर मी आठ वर्षांची झाले, तू मला दुकानात नेऊन गोळ्यांच्या बरणीसमोर उभं करायचास ना, तेव्हाची. मग चष्मा पुसला आणि फॉर्म वाचला. अर्जदाराशी नातं: बहीण. त्यापुढच्या रकान्यात, कोणी न विचारता, ठळक अक्षरांत: अवलंबित.

मी बँकेत गेले. ती बाई खूश झाली.

"हे तर फारच छान. भाऊ सगळं भरणार म्हणतायत. तुम्हाला आजच कार्ड देता येईल."

"ही सतरा वर्षं कोणाच्या नावावर चढतील?"

"त्यांच्या."

"आणि भट्टीचे हप्ते?"

"तेही त्यांच्याच नावावर. तुम्ही नुसतं वापरायचं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "अहो, लोक तरसतात असा भाऊ मिळावा म्हणून."

"तुम्हाला हवाय का? देऊन टाकते."

ती हसायचं की नाही या पेचात पडली. मी विचारलं, इतिहास नसलेल्या माणसाला इथे काय मिळतं? तिने नाखुशीनेच सांगितलं. थोडी रक्कम बँकेत अडकवून ठेवायची आणि त्या तारणावर नवशिक्यांचं कार्ड घ्यायचं. कॉलेजातल्या पोरांना देतात ते. मर्यादा एवढीशी. "भट्टीवाले याला विचारणार नाहीत," ती म्हणाली. "दोन-तीन वर्षं वापराल तेव्हा कुठे काहीतरी होईल."

"त्याच्यावर माझं नाव कुठे असेल?"

"कार्डावर, खात्यावर, सगळीकडे. दुसरं कोणी नाहीच त्यात."

"द्या."

पन्नाशीला दोन वर्षं उरलेली बाई, आणि बँकेच्या कागदावर 'नवीन ग्राहक, अनुभव: शून्य'. त्याच्याखाली मी सही केली. तुझा फॉर्म सोबत परत पाठवते आहे. पुरवणी कार्डही आहे, दोन तुकड्यांत. पत्रा कापायच्या कात्रीने कापलं, सरळ रेघेत. ते खातं तुझं आहे, तू ते नीट सांभाळ. आता बिलाची तारीख तुलाच लक्षात ठेवावी लागेल. दर महिन्याची बारा.

आता माझं एक पाप. आईचा साचा शेल्फवर नाही. कधीच नव्हता. माझ्याजवळ आहे.

निघायच्या दोन आठवडे आधी मी मागच्या खोलीत तिचं नवं माप घेतलं होतं, वरचं, खालचं आणि चावताना दोन्ही कसे जुळतात त्याचं. तेव्हा तिने छान तोंड उघडलं होतं. आईला माहीत होतं मी जाणार आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू जाऊ दिलं नसतंस. तू ओरडला नसतास, उलट माझा पगार वाढवला असतास आणि मी पुन्हा बसले असते. साचा मी टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत आणला. इथल्या विमानतळावर उघडायला लावली. अधिकाऱ्याने ते दोन पांढरे जबडे बघितले.

"हे काय?"

"माझी आई."

त्याने त्याच्या साहेबाला बोलावलं.

इथे नवी कवळी करून तिला पाठवायची, एवढंच मनात होतं. पण तुझं शिक्क्याचं पत्र आलं आणि माझ्यातही तुझीच बहीण जागी झाली. म्हटलं, याला साचा हवाय, मला सही हवीये. बसू दे थोडं शोधत. शेल्फवर बघ म्हणून खुशाल लिहिलं. आई तिकडे टक टक करत भात गिळत होती आणि मी तिच्या जबड्यावर सौदा लावून बसले होते. हे चुकलं. आईला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं तुझ्याकडे आहे. म्हणून तर मी त्याला माप देत नव्हते. मग तू केलेलं वाया गेलं असतं." तुझी माफी मात्र मागत नाही. तू तीन आठवडे साचे उलटेपालटे करत मागच्या खोलीत बसलास, सतरा वर्षांत एवढा वेळ बसला नव्हतास तिथे. झालं तर भलंच झालं असेल.

कामाला लागले आहे.

– तुझी बहीण (अवलंबित नव्हे)


२९ मार्च

दादा,

सोबतच्या डबीत आईची कवळी आहे. आधी पाण्यात घाल, मग पुढचं वाच.

हिच्यावर मी चार आठवडे काम केलं, लॅबचं पॉलिशचं काम संपल्यावर, कोपऱ्यातल्या टेबलावर. मेणात दात रचले ते पाच वेळा मोडून पुन्हा रचले, कारण लावून बघायला आई समोर नाही. साचा पुढे ठेवायचा, डोळे मिटायचे आणि ती जेवताना आठवायची. डावीकडून चावते, मधेच थांबून बोलते, मग उजवीकडे घेते. दात मी एकसारखे ओळीत लावले नाहीत. खालचा एक पुढचा दात किंचित वाकडा ठेवलाय, तिचा स्वतःचा होता तसा. पेशंट असती तर तू म्हणाला असतास, सरळ कर, फोटोत बरं दिसतं.

मेण उतरवून पॉलिश करत होते तेव्हा लॅबचा मालक मागे येऊन उभा राहिला. सत्तरीचा माणूस, बोलतो कमी, खोकतो जास्त. त्याने कवळी उचलली, खिडकीपाशी नेली, अंगठा फिरवला.

"हे कोणी केलं?"

दादा, हा प्रश्न मला सतरा वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"मी."

"कोणासाठी?"

"आईसाठी."

"तो वाकडा दात मुद्दाम?"

"मुद्दाम."

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, भट्टीचं काय झालं? मी म्हटलं, भट्टी मिळत नाही, माझ्या कार्डाला अजून दोन महिनेही झाले नाहीत. तो म्हणाला, कवळीला भट्टी कुठे लागते? भट्टी लागते त्या दातांवर बसवायच्या चकचकीत टोप्यांना, तरुण पोरं सगळी तेच करतात. कवळ्यांचं काम कोणालाच नको असतं, म्हाताऱ्यांचं काम म्हणतात. त्याच्याकडे ढीग पडलाय. खिडकीजवळचं मोठं टेबल स्वतःची भट्टी आणणाऱ्याला गेलं. मला त्याने दाराजवळचं अरुंद टेबल दिलं, कवळी पक्की करायचं उकळत्या पाण्याचं भांडं त्याचंच वापरायचं. कालपासून मी तिथे बसते. दार उघडलं की वारा येतो आणि प्लास्टरची पूड उडते. पण येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा मला बघतो. मागची पुढे आली.

भट्टी घेईन कधीतरी. माझ्या नावावर.

हे कुरिअरच्या दुकानातच, पार्सल बंद करायच्या आधी लिहिते आहे; पैसे ते आधी घेतात, तेव्हा कार्ड पहिल्यांदाच वापरलं. कुरिअरवाल्याने मशीन पुढे केलं. ते एवढा वेळ विचार करत राहिलं की मागच्या रांगेतला एकजण सुस्कारा टाकायला लागला. मीही म्हटलं, आता हेसुद्धा विचारणार, भाऊ कुठाय? मग त्याने टिंग केलं आणि पावतीचा कागद बाहेर टाकला. मी ती पावती ठेवलीये. कुरिअरवाल्याने विचारलं, "हरवलं तर परत मागवायला ठेवताय का?" मी म्हटलं, "नाही. सुरुवात म्हणून."

आता तुझं काम, कारण हे तुझ्याशिवाय होणार नाही. कवळी कितीही नीट केली तरी तोंडात बसवल्यावर एखादी जागा उंच लागतेच. माझा अंदाज, उजवीकडची खालची शेवटची दाढ. निळा कागद ठेवून आईला चावायला लाव, डाग पडेल तिथे हलक्या हाताने घास. अगदी हलक्या. ते तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे मी कोणालाही लिहून द्यायला तयार आहे. आईला मी सांगितलंय की दादापुढे तोंड उघड. ती म्हणाली, "विचार करते." म्हणजे उघडेल.

शेल्फची पूर्ण यादीही सोबत आहे, कप्प्यांसकट, टोपणनाव आणि खरं नाव शेजारी शेजारी. चौदा पानं. तुझ्या नव्या मागच्या माणसाला दे. त्याच्या बदल्यात काही नको. सही नको, खूण नको. त्या माणसाचं नाव मात्र विचारून घे.

एक गोष्ट राहिली. घासायला कवळी हातात घेशील, तेव्हा वरची उलटी करून बघ. टाळूच्या भागात, पारदर्शक थराखाली, तळाला बारीक अक्षरांत एक ओळ आहे. कोणी केली, त्याचं पूर्ण नाव. जिभेला लागणार नाही, पॉलिश मी स्वतः केलंय. तोंडात असताना कोणाला दिसणारही नाही. आई रोज धुताना वाचेल, तिला चष्मा लागेल. तुला लागणार नाही.

म्हणून या पत्राखाली सही करत नाही. ती डबीत आहे.